हायड्रोसीलच्या शस्त्रक्रियेआधी ग्रामीण रुग्णालयाची तयारी कशी तपासावी?

धानपट्टा_एमओ
चंद्रपूर जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. हत्तीरोगाच्या यादीत आमच्याकडे हायड्रोसीलचे (अंडकोशात पाणी साचलेले) बरेच पुरुष आहेत, काही वर्षानुवर्षं थांबलेत. धानाची कापणी-मळणी आटोपली की शस्त्रक्रिया सुरू करायच्यात. सर्जन आणि भूलतज्ज्ञ बाहेरून येतील. तपासणी यादीत ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), सक्शन (रक्त-स्राव ओढून घेणारं यंत्र), ऑक्सिजन, कॉटरी (विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवणारं यंत्र) असे रकाने आहेत आणि प्रत्येकासमोर 'आहे' लिहिता येतं. पण तेवढ्यावर माणूस टेबलावर घ्यायला मन धजत नाही. नेमकं काय बघू?

ओटी_सिस्टर
सर, प्रत्येक वस्तू चालवून बघा. आधी ऑटोक्लेव्ह. अवजारांच्या ड्रमवरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या की लोक निश्चिंत होतात, पण टेप फक्त बाहेरचं सांगते. वाफ पोचली की रंग बदलणारी इंडिकेटरची पट्टी अवजारांच्या सेटच्या मधोमध, कपड्यांच्या घडीत ठेवा आणि नंतर स्वतः उघडून बघा. गुंडाळलेल्या सेटला १२१ अंशांवर ३० मिनिटं लागतात, तीही तापमान गाठल्यावर मोजायची. घाईत दाब चढतानाच घड्याळ लावलं जातं, हे मी पाहिलंय.

मग सेट मोजा. पाच केसेस लावल्या आणि सेट दोनच असले, तर दुपारपर्यंत कुणीतरी म्हणणारच, 'वापरलेली अवजारं जंतुनाशक द्रावणात बुडवून घ्या, चालतं.' चालत नाही. जितके सेट, तितक्याच केसेस.

लॅरिंगोस्कोप (भूल देताना घशात बघायचं दिव्याचं उपकरण) उघडा, बल्ब लागतो का बघा. सेल कधीच संपलेले असतात. मेन स्विच पाडा आणि जनरेटरवर ओटीचा (शस्त्रक्रियागृहाचा) दिवा, सक्शन दोन्ही चालतात का ते तिथे उभं राहून बघा.

सर्जन_विदर्भ
ताईंचं सगळं खरं. कॉटरीबद्दल थोडं सांगतो. हत्तीरोगाच्या भागात अंडाभोवतीची पाण्याची पिशवी नुसती उलटवून शिवण्यापेक्षा बहुतेक सगळी कापून काढलेली बरी, पुन्हा पाणी भरण्याचा धोका कमी होतो. पण कापलेल्या कडेतून रक्त झिरपतं आणि कातडी सैल असल्याने आत गोळा होईपर्यंत कळत नाही. त्यामुळे कॉटरी पेशंट प्लेटसकट (रुग्णाच्या अंगाला लावायची, वीज परत नेणारी पट्टी) चालू हवी.

निवडही तयारीतच धरा. खोकायला लावून हर्निया नाही ना बघा, टॉर्च लावून आत पाणीच आहे ना बघा, शंका आली तर सोनोग्राफी. साखर, बीपी आधीच. कातडीवर जखम किंवा ताप-लाली असेल तर पुढे ढकला.

धानपट्टा_एमओ
सेट मोजायचं डोक्यातच नव्हतं, ताई. शस्त्रक्रियेनंतरचं काय?

ओटी_सिस्टर
तिथंच बहुतेक ठिकाणी ढिलाई होते, सर. सर्जन संध्याकाळी निघून जातात. रात्री ड्युटीवर कोण, ड्रेसिंग भिजलं किंवा सूज वाढली तर फोन कुणाला, हे नावानिशी लिहून वॉर्डात लावा. घरी जाताना लंगोट द्या आणि बांधून दाखवा; माणसं लाजतात, विचारत नाहीत. आशाताईला तारीख द्या, आठवड्याने टाके बघायला ती घेऊन येईल. गाव आडवळणी असेल तर गाडीची सोय आत्ताच करा.

भारताने हत्तीरोग संपवायचं उद्दिष्ट २०२७ चं ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेला हत्तीरोगाच्या गोळ्यांच्या वाटपासोबत रुग्णांची संख्या आणि उपचारकेंद्रांची तयारीही दाखवावी लागते. कागद त्यासाठी भराच, पण आधी ती पट्टी उघडून बघा.

धानपट्टा_एमओ
उद्या सकाळी ऑटोक्लेव्ह लावतो. पट्ट्या स्टोअरमध्ये नाहीत, मागणी आजच टाकली.