‘सिटी न्वार’मध्ये सॅक्सोफोन मागे का पडतो?

सुरपेटी:
अमेरिकन रचनाकार जॉन ॲडम्सचा २०१४ चा अल्बम ऐकतोय, त्यात ‘सिटी न्वार’ आणि सॅक्सोफोन कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) आहेत : सेंट लुई सिंफनी, संचालन डेव्हिड रॉबर्टसन, आल्टो सॅक्सोफोनवर टिमथी मकॅलिस्टर. कॉन्चेर्टोत सॅक्स अगदी समोर उभा आहे. ‘सिटी न्वार’मध्ये मात्र पितळी वाद्यं पेटली की तो बुडतो. वादक तोच, ऑर्केस्ट्रा तोच. मिक्सिंग चुकलंय का? आणि कॉन्चेर्टोतल्या त्या भन्नाट ताना ऐनवेळी सुचलेल्या आहेत का?

मंद्रसप्तक:
मिक्सिंग बरोबर आहे. ‘सिटी न्वार’ (२००९) ही सिंफनीच्या वळणाची रचना आहे, सॅक्स तिथे ऑर्केस्ट्राच्या आत बसतो. आल्टोचा खरा मुलूख मधल्या सप्तकाच्या आसपासचा, आणि तिथेच हॉर्न, ट्रम्पेट, व्हायोला यांची गर्दी. वर ड्रमसेट. कॉन्चेर्टोत (२०१३) तालवाद्यं ठेवलेलीच नाहीत. पियानो, सेलेस्टा (घंटीसारख्या आवाजाचं कळवाद्य), हार्प आणि तंतुवाद्यं यांच्या मधून सॅक्सला मोकळी वाट मिळते. हे शहाणपण रचनाकाराचं, रेकॉर्डिस्टचं नव्हे.

‘सिटी न्वार’चा दुसरा भाग पुन्हा ऐका. सुरुवातीला नुसते धूसर स्वरपुंज, त्यांतून सॅक्सची सुरावट हळूहळू आकार घेते. पुढे लांबलचक ट्रॉम्बोन सोलो येतो. सॅक्स ओळखायला याहून चांगली जागा अल्बमभर नाही.

पितळी_पट्टी:
ताना सगळ्या लिहिलेल्या आहेत. ऐकताना सुचल्यासारख्या वाटतात, हेच मकॅलिस्टरचं कसब. सोबत वाजवून बघणार असाल तर लक्षात ठेवा, आल्टो ई फ्लॅटचं वाद्य आहे : पार्टमध्ये (वादकाच्या स्वरलिपीत) सी लिहिला असेल तर कानावर त्याखालचा ई फ्लॅट येतो. नेहमीच्या बोटांनी वरच्या एफ किंवा एफ शार्पपर्यंतच जाता येतं. त्यापुढे आल्टिसिमो, तिथे वेगळी बोटं आणि घशाचा आकार दोन्ही लागतात. ओठ आवळून सूर चढवायला गेलात तर रीड (तोंडाशी कंप पावणारी वेताची पट्टी) दबते, आवाज चिरकतो किंवा बंदच होतो. आधी खालच्या बी फ्लॅटची बोटं न हलवता त्याचे वरचे स्वयंभू स्वर (त्यातच दडलेले उंच स्वर) एकेक काढायला शिका.

मंद्रसप्तक:
एक राहिलं. संगीत ऐकायच्या ॲपमधलं आवाज समान करणारं सेटिंग बंद ठेवा. आणि व्हॉल्यूम हळू जागेवर लावू नका, ‘सिटी न्वार’च्या शेवटच्या दणक्यावर लावा. उलट केलंत तर दणक्याला हात व्हॉल्यूमकडे जातो, आणि पुढच्या हळू जागेत सॅक्स पुन्हा गायब.

सुरपेटी:
ते सेटिंग चालूच होतं! बंद केल्यावर दुसऱ्या भागात सॅक्सचा श्वाससुद्धा ऐकू आला. आभार.