स्वतःची भाषा लिहितोय: १० - ४ - ३ चं उत्तर ९ का येतंय? आणि यापुढे काय शिकू?

तिसरं_वर्ष_कॉम्प

नमस्कार मंडळी. आमच्या सिलॅबसमध्ये लेक्स आणि यॅक (नियम दिले की लेक्सर आणि पार्सर आपोआप बनवून देणारी टूल्स) आहे. पण प्रॅक्टिकलला तयार फाइल चालवून आउटपुट दाखवलं की जर्नलवर सही मिळते, आत काय घडलं ते कळत नाही. म्हणून सुट्टीत सीमध्ये स्वतःची छोटी भाषा लिहायला घेतली आहे.

लेक्सर झाला. तो अक्षरं वाचून आकडे, नावं आणि चिन्हं असे टोकन पाडतो. टोकनांची रचना ओळखून त्यांचं झाड बनवणाऱ्या पार्सरसाठी हा नियम घेतला:

एक्स्प्रेशन → टर्म - एक्स्प्रेशन | टर्म

प्रत्येक नियमाला एक फंक्शन आहे. २ * ३ + ४ बरोबर येतं, पण १० - ४ - ३ चं उत्तर ९ येतं. नियम उलटा करून "एक्स्प्रेशन → एक्स्प्रेशन - टर्म" असा लिहिला, तर प्रोग्राम स्टॅक ओव्हरफ्लो होऊन पडतो.

दुसरा प्रश्न. पुढे फंक्शन, स्कोप (कुठलं नाव कुठे दिसतं त्याचे नियम) आणि क्लोजर (भोवतालची व्हेरिएबल सोबत ठेवणारं फंक्शन) करायचे आहेत. त्याआधी एलआर पार्सिंगची (यॅक ज्या पद्धतीने चालतो तिची) टेबलं पक्की करू का? मित्र म्हणतो, हे सगळं सोड आणि थेट एलएलव्हीएम (मशीन कोड बनवून देणारी तयार लायब्ररी) घे.

सासवडकर

मी बरीच वर्षं पुण्यात कंपायलरच्या टीममध्ये काम करते. तुझ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण हा अडथळा नीट कळला की पुढचं बरंच सोपं जातं.

तुझा पार्सर तू दिलेला नियम तंतोतंत पाळतोय. नियम म्हणतो की वजाच्या उजवीकडे अख्खं एक्स्प्रेशन आहे. म्हणून झाड १० - (४ - ३) असं बनतं आणि उत्तर ९ येतं. उलटा नियम गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे, पण त्यात फंक्शन एकही टोकन न खाता स्वतःलाच परत बोलावतं, मग ते थांबणार कुठे? यॅक हाच नियम आनंदाने घेतो, कारण तो आधी टोकन स्टॅकवर ठेवतो आणि नियम नंतर लावतो. हाताने लिहिताना रिकर्शनच्या जागी लूप घ्यायचा:

डावा = टर्म()
जोवर पुढचं टोकन + किंवा - आहे तोवर:
  चिन्ह = टोकन खा
  उजवा = टर्म()
  डावा = नोड(चिन्ह, डावा, उजवा)
डावा परत दे

एकदा कागदावर चालवून बघ. आधी डावा म्हणजे नुसता १०, मग (१० - ४), मग ((१० - ४) - ३). झाड डावीकडे वाढत जातं. आणि झाड कंसांसह छापणारं फंक्शन आजच लिही. नुसत्या उत्तरावरून चूक सापडत नाही, झाड बघितलं की लगेच दिसते.

तुझं जुनं फंक्शन मात्र फेकू नकोस. घातांकाला तेच लागतं: २ ^ ३ ^ २ म्हणजे ५१२ यायला हवेत, ६४ नाही. "अ = ब = ५" हेही उजवीकडूनच बांधलं जातं. चिन्हं वाढली की प्रत्येक पातळीला एक फंक्शन लिहिणं जिवावर येतं. तेव्हा वॉन प्रॅटने १९७३ मध्ये मांडलेली पद्धत बघ. त्यात प्रत्येक चिन्हाला त्याच्या पकडीचा एक आकडा देतात आणि एकच फंक्शन सगळ्या पातळ्या सांभाळतं.

एलआरची टेबलं परीक्षेपुरती कर, पण त्यासाठी भाषा अडवून ठेवू नकोस. जीसीसी या कंपायलरमध्ये सी++ साठी बायसनवर (यॅकसारखंच टूल) बनवलेला पार्सर होता. २००४ च्या ३.४ आवृत्तीत त्याच्या जागी हाताने लिहिलेला आला, आणि २००६ च्या ४.१ मध्ये सीसाठीही तेच झालं. क्लँग या दुसऱ्या कंपायलरचा पार्सर तर पहिल्यापासून हातानेच लिहिलेला आहे. सीमध्ये "अ * ब;" हा गुणाकार आहे की ब नावाच्या पॉइंटरचं डिक्लरेशन, हे अ टाइपडेफ (म्हणजे टाइपचं नाव) आहे का यावर ठरतं. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये तिथल्या तिथे सिंबॉल टेबल (आतापर्यंतच्या नावांची नोंद) विचारता येतं आणि एरर मेसेजही आपल्याला हवा तसा देता येतो.

एलएलव्हीएम आत्ता नको. एक्स्प्रेशनचं झाड बनवणं, नावाचा अर्थ लावणं, क्लोजर कसं साठवायचं हे ठरवणं, हे सगळं त्याच्याकडे जाण्याआधी तुलाच करावं लागतं, आणि तुला नेमकं तेच शिकायचंय. आधी झाडावरून चालणारा इंटरप्रिटर कर, मग स्टॅकवर चालणारा बाइटकोड (झाडाऐवजी सोप्या सूचनांची यादी).

आता क्लोजर. समजा मोजणी() या फंक्शनमध्ये "आकडा = ०" आहे, आणि ते आतलं एक फंक्शन परत देतं, जे आकडा एकने वाढवून सांगतं. क = मोजणी() असं लिहून क() दोनदा बोलावलं तर १ आणि मग २ यायला हवेत. पण मोजणी() तर केव्हाच संपलं, मग आकडा राहिला कुठे? स्टॅकवर तो राहूच शकत नाही. म्हणून एन्व्हायर्नमेंट (नावं आणि त्यांच्या किमतींची नोंद) हीपवर, म्हणजे फंक्शन संपलं तरी टिकणाऱ्या मेमरीत ठेवायचं, आणि फंक्शनच्या व्हॅल्यूमध्ये दोन गोष्टी ठेवायच्या: त्याचं झाड, आणि ते जिथे लिहिलं त्या एन्व्हायर्नमेंटचा पॉइंटर.

हे बरोबर जमलं का ते असं तपास: बाहेर क्ष = १. फ() क्ष छापतं. ग() मध्ये स्वतःचा क्ष = २ आहे आणि ते फ() ला बोलावतं. १ छापला गेला तर स्कोप लेक्सिकल (फंक्शन जिथे लिहिलं तिथलं नाव), २ आला तर डायनॅमिक (जिथून बोलावलं तिथलं नाव).

जुना_मास्तर

ताईंशी बहुतांशी सहमत, पण एलआरबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. यॅकला ग्रामर दिलं की संदिग्धता कुठे आहे ते तो तोंडावर सांगतो. दोन इफ आणि एकच एल्स चालेल असा नियम लिहिला की एल्स कुठल्या इफचं हे ठरत नाही आणि शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट (पुढचं टोकन घ्यायचं की नियम लावायचा हा पेच) येतो. हाताने लिहिलेला पार्सर तिथे गपचूप एक अर्थ निवडतो आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून पार्सर हाताने लिही, पण ग्रामर एकदा यॅकमधून काढून बघ.

आणि प्रत्येक टोकनमध्ये ओळ क्रमांक आजपासूनच ठेव. नंतर घालायचा म्हटलं की सगळा कोड उसवावा लागतो.

सासवडकर

+१, ग्रामर यॅकमधून तपासण्याची सूचना अगदी योग्य आहे. ओळ क्रमांकाचंही खरं.

गिंपलप्रेमी

खऱ्या कंपायलरच्या आत डोकावायचं असेल तर जीसीसीला "-एफडम्प-ट्री-ऑल" हा पर्याय देऊन छोटा प्रोग्राम चालव. प्रत्येक टप्प्याची वेगळी फाइल पडते. त्यातली गिंपलची (जीसीसीच्या आतल्या मधल्या रूपाची) फाइल उघड. "अ = ब + क * ड" या एका ओळीची तात्पुरती व्हेरिएबल घेऊन दोन साध्या ओळी झालेल्या दिसतील. मला इंटरमीजिएट कोड खऱ्या अर्थाने तिथेच कळला.

तिसरं_वर्ष_कॉम्प

सगळ्यांचे मनापासून आभार! लूप लावल्यावर ३ आलं आणि छापलेलं झाडही डावीकडे वाढलेलं दिसतंय. फंक्शनही उभी केली, पण ताईंच्या तपासणीत २ छापला जातोय. फंक्शन बोलावताना मी नवं एन्व्हायर्नमेंट बनवतो आणि त्याचा पालक म्हणून सध्या चालू असलेलं एन्व्हायर्नमेंट देतो.

सासवडकर

तीच ओळ बदल. सध्या चालू असलेलं म्हणजे बोलावणाऱ्याचं, इथे ग() चं. पालक म्हणून फंक्शनच्या व्हॅल्यूमध्ये साठवलेला पॉइंटर दे. सुरुवातीच्या लिस्पमध्ये तुझ्यासारखाच डायनॅमिक स्कोप होता, १९७५ मध्ये आलेल्या स्कीमने लेक्सिकल घेतला.

१ आला की पुढचं करून बघ: ० ते २ अशा लूपमध्ये तीन क्लोजर बनव आणि लूप संपल्यावर तिन्ही बोलाव. ०, १, २ येतात की ३, ३, ३, हे प्रत्येक फेरीला नवं एन्व्हायर्नमेंट बनवतोस की नाही यावर ठरेल. गो भाषेने २०२४ च्या १.२२ आवृत्तीत दर फेरीला नवं व्हेरिएबल असा नियम बदलून घेतला. तुझ्या भाषेत कोणता नियम ठेवतोस ते ठरव, आणि लूपचा कोड इथे टाक. मी बघते.