इंग्लंडमधलं लेडीज स्लिपर ऑर्किड : एकच झाड उरलं होतं म्हणतात, मग ते वाचलं कसं?

रानभूल :
परवा सिप्रिपेडियम कॅल्सिओलस म्हणजे लेडीज स्लिपर ऑर्किडचे फोटो बघत बसले होते आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. चॉकलेटी रंगाच्या पिळदार पाकळ्या आणि मधोमध पिवळाधम्मक फुगीर बूट! वाचलं त्याप्रमाणे 1917 मध्ये ब्रिटनमधून ते नामशेष झालं असं जाहीर केलं होतं, नंतर 1930 मध्ये यॉर्कशर डेल्समध्ये (उत्तर इंग्लंडमधला डोंगरदऱ्यांचा भाग) एकच झाड सापडलं आणि त्याची जागा कित्येक दशकं गुप्त ठेवली. मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. एका बोंडात हजारो बिया असतात म्हणे, मग एका झाडाची शंभर झाडं आपोआप का नाही झाली? आणि जागा इतकी लपवायची काय गरज होती, लोकांनी बघितलंच नाही तर त्यांना त्याबद्दल काही वाटणार कसं? कुणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

चुनखडी :
बियांचं आधी सांगतो कारण खरी गोम तिथेच आहे. ऑर्किडचं बी म्हणजे अक्षरशः धूळ, वाऱ्यावर उडून जाईल इतकं हलकं. घेवड्याच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी भरलेली असते तशी ह्यात काहीच नसते. त्यामुळे जमिनीत योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं, सुरुवातीचं सगळं अन्न त्या बुरशीकडून घेतं आणि काही वर्षं जमिनीखालीच राहतं, वर पानसुद्धा दिसत नाही. त्यानंतर पानं, आणि फूल यायला अजून बरीच वर्षं. म्हणजे आज पडलेल्या बियांपैकी एखादी जगली तरी तिचं फूल बघायला दहा वर्षं थांबायची तयारी हवी. त्यात पुन्हा त्याला चुनखडीची जमीन लागते आणि विरळ सावली लागते. जंगल दाट झालं की फुलं कमी, पूर्ण उघडं पडलं की गवत त्याला दाबून टाकतं.

आणि त्याच्याही आधी बी धरायला तर हवं! हे फूल मधमाशीला काहीच देत नाही, मध नाही की खायला पराग नाही. रंगाला आणि वासाला भुलून छोटी माशी येते (आंड्रेना जातीच्या, जमिनीत बीळ करून एकट्या राहणाऱ्या माश्या) आणि बुटात पडते. आल्या वाटेने वर चढता येत नाही कारण कडा आत वळलेल्या आणि भिंती गुळगुळीत. मागच्या बाजूला मात्र आतून केसांची शिडी असते, आणि तिथली भिंत पातळ असल्यामुळे बाहेरचा उजेड आत झिरपतो. माशी उजेडाच्या दिशेने चढते. त्या वाटेवर आधी कुक्षी (फुलाचा पराग घेणारा भाग) लागते आणि मग अगदी बाहेर पडायच्या भोकाशी पुंकेसर (पराग देणारा भाग). म्हणजे आधीच्या फुलातून पाठीवर आणलेला पराग आधी पुसला जातो आणि मगच नवा चिकट पराग पाठीला फासला जातो, क्रम उलटा असता तर फुलाचा स्वतःचाच पराग स्वतःला लागला असता. माशी मोठी असेल तर त्या भोकातून निघत नाही, फार लहान असेल तर कशालाही न शिवता निघून जाते. इतकं सगळं जुळून यायला हवं म्हणून बरीचशी फुलं बी न धरताच सुकतात. आता ह्यात एकच झाड उरलंय असं धरा, दुसऱ्या झाडाचा पराग येणार कुठून?

हेमांगी_व :
फारच सुंदर समजावलंत! मी फक्त एक दुरुस्ती सुचवते. धाग्यावरून असं वाटू शकेल की जगातच एक झाड उरलं होतं, तर तसं नाही. आल्प्समध्ये, स्वीडनमध्ये, एस्टोनियात आणि पुढे थेट रशियाच्या पूर्व टोकाकडे हे अजून वाढतं, बऱ्याच देशांत कमी झालंय आणि कायद्याने संरक्षितही आहे, पण इंग्लंडसारखी वेळ सगळीकडे आली नाही. नावं बघा किती गोड आहेत, जर्मनमध्ये बाईचा बूट, फ्रेंचमध्ये व्हीनसची खडाव, स्वीडिशमध्ये कोकिळेचा बूट, एस्टोनियनमध्ये सुंदर सोन्याचा बूट. फक्त फिनिश लोकांना त्यात सुतारपक्ष्याची पाठीवरची झोळी दिसली!

रानभूल :
बापरे, त्या उजेडाचं वाचून अंगावर काटा आला. बरोबर हेमांगीताई, मी ब्रिटनपुरतंच म्हणत होते. पण मग त्या एका झाडाचं पुढे काय झालं? आणि लपवण्याचं राहिलंच.

डोंगरवाट :
लपवण्याबद्दल मी लिहितो कारण ह्यावर माझं मत ठाम आहे. हे फूल दुर्मिळ झालं ते दिसायला देखणं म्हणूनच. यॉर्कशरच्या भागात लोक ते खुडायचे, विकायचे, मुळासकट उपटून बागेत न्यायचे, नंतर वनस्पतींचे नमुने जमवणाऱ्यांनी उरलंसुरलं संपवलं. जंगलतोड आणि चराई ही कारणं होतीच, पण अख्खं झाड उपटून नेल्यावर मागे काय उरणार? त्यामुळे 1930 मध्ये ज्यांना ते सापडलं त्यांनी तोंड बंद ठेवलं हे शंभर टक्के योग्यच केलं असं मला वाटतं. पुढे स्वयंसेवक फुलण्याच्या दिवसात तिथे पहारा द्यायचे, गोगलगायी कोवळे कोंब खाऊन टाकतात म्हणून त्यांच्यावरही लक्ष ठेवायचे, आणि माशीवर विसंबून न राहता हाताने परागीभवन करायचे.

1983 मध्ये क्यू गार्डन्समध्ये (लंडनमधली प्रसिद्ध वनस्पती बाग) ऑर्किडवरचा एक प्रकल्प सुरू झाला आणि तिथे प्रयोगशाळेत रोपं करायचं काम हाती घेतलं. त्यातली युक्ती मला फार आवडते, बी पूर्ण पिकलं की ते रुजायला खूप कुरकुर करतं, म्हणून बोंड हिरवं असतानाच काढून आतल्या कच्च्या बिया निर्जंतुक बाटलीत जेलीसारख्या माध्यमावर पेरायच्या, बुरशीचं काम ते माध्यम करतं. 1989 पासून रोपं पुन्हा रानात लावायला लागले आणि अशा लावलेल्या रोपाला पहिलं फूल आलं ते 2000 साली. मधली अकरा वर्षं नुसती वाट बघायची, रोपं मरताना बघायची आणि पुन्हा लावायची. त्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे.

हेमांगी_व :
डोंगरवाट, पटलं पण पूर्ण नाही. 1930 मध्ये गुप्तता हवीच होती, पण आता लावलेली झाडं लोकांना बघता येतात हेही तितकंच गरजेचं आहे. लँकशरमध्ये गेट बॅरोज नावाचं राखीव क्षेत्र आहे, सगळी चुनखडीच्या फरशांची जमीन, तिथे लावलेली झाडं कुणालाही बघता येतात. मी जूनच्या सुरुवातीला गेले होते. फुलं संपत आली होती, एका बुटाची कड तपकिरी पडून आत दुमडलेली, शेजारचं मात्र अगदी ताजं होतं. गुडघ्यावर बसून ताज्या फुलाच्या मागच्या बाजूने बघितलं तर ऊन बुटातून आरपार येत होतं आणि आत एक बारीकशी माशी फिरताना सावलीसारखी दिसत होती. दोनदा घसरली. मग पाठीमागच्या फटीतून आधी डोकं आलं, बराच वेळ तिथेच अडकून पाय झाडत होती, आणि निघाली तेव्हा पाठीवर पिवळा लपका. माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते, ते कुजबुजत म्हणाले की तरुणपणापासून ह्या फुलाबद्दल ऐकतोय, आज पहिल्यांदा पाहिलं.

डोंगरवाट :
हे वाचून मी थोडा मऊ झालो खरं. लावलेली झाडं दाखवा, माझी हरकत नाही. पण त्या मूळ झाडाची जागा मला कुणी सांगायला आलं तरी मी ऐकणार नाही.

रानभूल :
हेमांगीताई, पाठीवर पराग घेऊन निघालेली ती माशी पुढे शेजारच्या फुलात गेली का?

हेमांगी_व :
नाही गं. पानावर बसून पाय घासत राहिली आणि मग झुडपांच्या वरून कुठेतरी निघून गेली.