परक्या गावात नोकरी, सोबतीला अँक्झायटी: कामावर मदत कुठून मिळाली? अनुभव लिहा

रेडिंगवाली
परवा बहिणीच्या मुलाचा इंग्लंडमधल्या लीड्सहून फोन आला. नुकताच स्किल्ड वर्कर व्हिसावर (कंपनीने स्पॉन्सर केलेला कामाचा व्हिसा) आलाय. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाला, "मावशी, मीटिंगच्या आधी हात कापतात. रात्री तीनला जाग येते ती परत झोप नाहीच. ऑफिसात सांगितलं तर व्हिसा जाईल का गं?" फोन ठेवला आणि माझं २०१६ साल जसंच्या तसं समोर आलं.

तेव्हा मी एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. रोजच्या स्टँडअपच्या (टीमची छोटी मीटिंग) आधी बाथरूममध्ये जाऊन गार पाण्याखाली मनगटं धरायची. छातीत धडधड, जीभ कोरडी, आणि माझं नाव घेतलं की पाठ केलेलं पहिलं वाक्यच गायब. आईला सांगावं तर ती म्हणणार, "सगळं सोड आणि ये." इथल्या मराठी लोकांत सांगावं तर गणपतीला तोच विषय. शिवाय व्हिसा कंपनीच्या हातात.

सुटका जीपीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, सुरू झाली. इंग्लंडमध्ये टॉकिंग थेरपीसाठी आपलं आपणच नाव नोंदवता येतं, चिठ्ठी लागत नाही, हे तिनेच सांगितलं. आणि तिने फिट नोट दिली, म्हणजे कामाबद्दलचं डॉक्टरी पत्र. ही नोट म्हणजे फक्त सुट्टीचा कागद असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. "काही बदल केल्यास काम करू शकेल" असाही रकाना त्यात असतो: हळूहळू कामावर परतणे, वेळ बदलणे, कामाचं स्वरूप बदलणे, जागेत सोयी करणे. माझ्या नोटवर वेळ आणि काम अशा दोन्हींवर खूण होती. मग कंपनीने ऑक्युपेशनल हेल्थकडे (कामाशी संबंधित आरोग्य बघणारे तज्ज्ञ) पाठवलं आणि ठरलं ते असं: माझा रोजचा अपडेट लेखी चालेल, मीटिंगचे विषय आदल्या दिवशी मिळतील, ऑफिसात दहाला आलं तरी चालेल. बदल एवढेच, पण त्यांच्या जोरावर मी ती नोकरी टिकवली.

भाच्याला सांगितलं तेच इथे लिहिते. २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टप्रमाणे (इथला समानतेचा कायदा) त्रास १२ महिने टिकलेला किंवा टिकण्यासारखा असेल आणि रोजच्या जगण्यात ठळक अडथळा येत असेल, तर वाजवी बदल करणं कंपनीला बंधनकारक आहे. तुमचा व्हिसा कोणता याचा त्यात संबंध नाही. वर्षात ४ आठवड्यांहून जास्त बिनपगारी रजा झाली तर स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठीचा कंपनीचा आधार, अडचणीत येते, पण आजारपणाची रजा त्याला अपवाद आहे. या एका गोष्टीच्या भीतीने किती मुलं गप्प बसतात!

तुमचे अनुभव लिहा. इंग्लंडचेच हवेत असं नाही.

नदीकाठ
मनगटं पाण्याखाली धरायचं वाचून अंगावर काटा आला, मीही अगदी हेच करायचे. कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते.

श्वाबनगरी
जर्मनी, ब्लू कार्ड (इथला नोकरीचा परवाना). इथे डॉक्टरने आजारपणाची नोंद केली की कंपनीला फक्त कधीपासून कधीपर्यंत तेवढं कळतं, आजार कोणता ते कळत नाही. मला हे माहीत नव्हतं तोवर मी तापाने फणफणलेय असं सांगून रजा घ्यायचे.
पहिले ६ आठवडे कंपनीच पूर्ण पगार देते. पुढे आरोग्य विमा कंपनी म्हणजे क्रांकनकासं पैसे देते, ढोबळ पगाराच्या ७० टक्के, त्याला वरची मर्यादा आहे. परत येताना "हाम्बुर्गर मोडेल" म्हणून सोय आहे. आधी दिवसाला थोडे तास, मग वाढवत न्यायचे. त्या काळात कागदोपत्री तुम्ही आजारीच असता आणि पैसे क्रांकनकासंकडून येतात, त्यामुळे "पगार घेते आणि अर्धंच काम करते" असं कुणी म्हणू शकत नाही.
१२ महिन्यांत ६ आठवड्यांहून जास्त आजारी पडलात तर कंपनीला तुम्हाला बोलावून "काय बदलूया" हे विचारावंच लागतं. पत्र आलं तेव्हा मला वाटलं काढून टाकतायत. जिन्यात बसून रडले. शेजारच्या आजींनी पत्र वाचून समजावलं की हे मदतीचं पत्र आहे, धमकीचं नाही. तुमच्या विश्वासातला माणूस सोबत नेता येतो. मी आजींनाच नेलं :)

रेडिंगवाली
@श्वाबनगरी आजींना माझा नमस्कार सांग. खरंच.

परभणीकर
आम्हाला व्हिसा नको, पण परभणीहून हिंजवडीत आलेला मुलगा पण परकाच असतो हो. रूमवर सहा जण, सगळे "टेन्शन नको घेऊ" म्हणणारे. गावाकडे सांगितलं की आत्या अंगारा घेऊन तयार.
मी नाइट शिफ्टला होतो. कॉल वाजला की पोटात गोळा. आमच्या कंपनीत समुपदेशनाचा नंबर आयकार्डच्या मागे छापलेला होता, आणि तो कशाचा आहे हे टीममध्ये एकालाही माहीत नव्हतं. मी एकदा पार्किंगमधून लावला. बाई मराठीत बोलल्या. एचआरला नाव जात नाही हे आधी दोनदा विचारून घेतलं. त्यांनीच मॅनेजरशी कसं बोलायचं ते सांगितलं: आजाराचं नाव घ्यायची गरज नाही, काय हवंय तेवढं मागा. मी दिवसपाळी मागितली, मिळाली.
ज्यांच्या कंपनीत असं काही नाही त्यांनी १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठी निवडता येते.

चहाबाज
एक विचारू का, चहाने वाढतं का हे? माझी धडधड चौथ्या कपानंतर हमखास.

नदीकाठ
@चहाबाज वाढतं. कॅफीनने धडधड वाढते, आणि धडधड झाली की मन म्हणतं काहीतरी वाईट होणार. मी दुपारनंतर बंद केलाय. गवती चहा घालून नुसता काढा घेते.

चहाबाज
गवती चहा कुठे मिळतो तिकडे?

नदीकाठ
थाई दुकानात. लेमनग्रास म्हणून फ्रोझन मिळतो, छान वास येतो. बरं, माझा अनुभव राहिलाच.
मी केअर होममध्ये होते. मला ऑफिसवाल्यांसारखं "घरून काम" मागताच येणार नव्हतं. उपयोगी पडली युनियन. वर्गणी महाग वाटायची, पण मॅनेजरसमोर माझ्या बाजूला प्रतिनिधी येऊन बसली तेव्हा माझा आवाज पहिल्यांदा नीट निघाला. सलग रात्रपाळ्या लावायच्या नाहीत हे लेखी घेतलं. तोंडी कबूल केलेलं धरू नका, मॅनेजर बदलला की सगळं पहिल्यापासून. त्याच दिवशी ईमेल करा: "आज आपलं असं असं ठरलं."
दुसरं म्हणजे अ‍ॅक्सेस टू वर्क. सरकारी योजना, इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्ससाठी. लोकांना ती फक्त व्हीलचेअरवाल्यांची वाटते. अँक्झायटीमुळे बस-ट्रेन जमत नसेल तर टॅक्सीचा खर्च, कामावर सोबत करणारा जॉब कोच, मानसिक आधारासाठी वेगळी सेवा, हे सगळं त्यात बसू शकतं. अर्ज आपणच करायचा, कंपनीने नाही. फक्त निर्णयाला अनेक महिने लागतायत, म्हणून आज करा.

सांताक्लारा
अमेरिका, एच-१बी (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा). इकडे आजारपणाची रजा १२ आठवडे, बिनपगारी (एफएमएलए नावाचा कायदा). त्याच कंपनीत वर्ष झालेलं हवं, त्या वर्षात १२५० तास काम हवं आणि कंपनीत ५० माणसं हवीत. विमा चालू राहतो, हे महत्त्वाचं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस, ते सतत डोक्यात घणघणत असतं. माझी अँक्झायटी निम्मी तिथूनच येते असं थेरपिस्ट म्हणाली. ग्रीन कार्डची रांग तर विचारूच नका, आमच्या मुलीचं कॉलेज होईल.
जॉब अकोमोडेशन नेटवर्क म्हणून फुकट सल्ला मिळतो. कुठल्या त्रासाला कंपनीकडे काय मागता येईल याच्या याद्या त्यांच्याकडे तयार आहेत. मी तिथून वाक्यं उचलूनच एचआरला ईमेल केली.

परभणीकर
@सांताक्लारा ६० दिवसांत घर, शाळा, गाडी कसं आवरायचं माणसानं? काळजी घ्या दादा.

कोकणकडा
भाऊ दुबईला एसी मेकॅनिक आहे. त्याला एचआर वगैरे काही नाही, कॅम्पात आठ जण एका खोलीत. श्वास अडकतो म्हणून दवाखान्यात जायचा, ईसीजी नॉर्मल यायचा. शेवटी वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, समुपदेशकाशी बोलणं करून दिलं. मालकाशीही बोलतो म्हणाले, पण भाऊ घाबरला, नको म्हणाला. तुम्ही लोक कायदे सांगताय ते वाचून बरं वाटतं, पण तो कायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही हेही लिहून ठेवावं वाटलं.

रेडिंगवाली
@कोकणकडा बरं केलंत लिहिलंत. भावाशी रोज बोलता ना? तेवढं सोडू नका.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितेय. मराठीत बोलणारं कुणी मिळतं का यूकेत? मला रडताना इंग्रजी येत नाही.

नदीकाठ
@वाचनमात्र एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) दुभाष्या मागता येतो, फुकट. नाव नोंदवतानाच सांगायचं. पण ओळखीतलंच कुणी निघेल अशी भीती असेल तर दुसऱ्या शहरातला, फोनवरचा मागा. माझी मैत्रीण पुण्यातल्या बाईंशी व्हिडिओवर बोलते. आपल्या सकाळी सातला त्यांचे साडेअकरा-साडेबारा वाजलेले असतात, त्यामुळे कामावर जायच्या आधी जमतं.

वाचनमात्र
थँक्यू ताई. मी मँचेस्टरला आहे. शनिवार-रविवार सगळ्यात वाईट जातात, कुणाशी शब्द नाही.

मुळामुठा
अगं मी डिड्सबरीत! दर शनिवारी फ्लेचर मॉस बागेत चालायला जाते. येशील का? बोलायचं नसेल तर नुसतं चालू.

वाचनमात्र
येते. किती वाजता?

मुळामुठा
अकरा. पाऊस असला तरी. बाकीचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.