जुनं शिलाई मशीन जाम, चाक फिरत नाही

प्रश्न: ओतीव लोखंडाचं हातमशीन, बरीच वर्षं बंद. चाक तसूभरही हलत नाही. जोर लावू का?

– मुळीच नको. जुनं तेल वाळून डिंकासारखं घट्ट होतं. तेलाच्या प्रत्येक भोकात, सांध्यात रॉकेलचे २-३ थेंब सोडा, रात्रभर थांबा, मग चाक हलकेच पुढे-मागे करा. सुटलं की रॉकेल पुसून मशीनचंच तेल द्या. नुसत्या रॉकेलवर चालवलं तर सांधे झिजतात. स्वयंपाकाचं तेल तर नकोच, पुन्हा चिकटेल.

– त्याआधी शटल (खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते तो भाग) काढून बघा. पुष्कळदा तिथे दोऱ्याचा तुकडाच अडकलेला असतो!

– सोनेरी नक्षीला स्पिरिट लावू नका, वरचा लाखेचा थर विरघळतो.

– चाक फिरूनही सुई हलली नाही, तर चाकाच्या मधल्या स्क्रूमागची वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवा.