मदत हवी आहे: डीबीएसनंतर बाबांचा कंप परत आला

रानजाई: बाबांची डीबीएस झाली, म्हणजे मेंदूत तार आणि छातीत बॅटरी बसवून विजेने कंप आवरायचं ऑपरेशन. शुद्धीवर आले तेव्हा उजव्या हाताचा कंप जवळजवळ गेलेला. शर्टाची बटणं स्वतः लावली, आई रडलीच. आता हात पुन्हा थरथरतोय, चालताना पाय जमिनीला चिकटतात. तार सरकली असेल का? ऑपरेशन फसलं असेल तर पुन्हा करता येतं का? प्लीज लवकर सांगा.

वाटसरू: किती दिवस झाले? वय? पार्किन्सनच ना, की इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे नुसत्या कंपाचा वेगळा आजार?

जुनं_खोड: माझी दोन्ही बाजूंची ६ वर्षांपूर्वी झाली. एकच सांगतो, चार्जिंगची बॅटरी घ्या. मी साधी घेतली, पाचव्या वर्षी छातीवर पुन्हा टाके.

निशिगंध: काका, त्यांची बॅटरी बसवून झालीय.

रानजाई: हो, पार्किन्सनच. वय ६३, आजार ११ वर्षांचा. ऑपरेशनला आज १९ दिवस. पहिले ८-१० दिवस छान गेले.

वाटसरू: मशीन चालू कधी केलं?

रानजाई: चालू म्हणजे? बसवलंय की. थांबा, कागद बघते... 'पहिलं प्रोग्रामिंग' पुढच्या आठवड्यात लिहिलंय.

वाटसरू: मग मशीन बहुतेक अजून बंदच आहे! इलेक्ट्रोड आत जाताना त्या जागी किंचित इजा होते, सूज येते. तेवढ्यानेच काही दिवस कंप थांबतो. सूज उतरली की लक्षणं परततात. माझ्या आईचंही अगदी हेच झालं होतं. सुरुवातीचा फरक दिसणं हे उलट जागा बरोबर साधल्याचं लक्षण मानतात.

दर्यावर्दी: म्हणूनच मी सगळ्यांना फोकस्ड अल्ट्रासाउंड सांगतो, बाहेरूनच ध्वनिलहरी मेंदूतल्या एका जागी एकवटतात. कवटीला भोक नाही, तार नाही, बॅटरी नाही. माझ्या मामांचा कंप एका बैठकीत गेला.

निशिगंध: त्यात मेंदूतली जागा कायमची जाळतात, ती परत येत नाही. १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलला बेनाबिद नावाचे मेंदूचे सर्जन अशीच जागा जाळण्याआधी तपासत होते, तेव्हा जास्त फ्रिक्वेन्सीच्या विजेने कंप थांबताना दिसला. डीबीएस तिथूनच रुजली, कारण वीज कमीजास्त करता येते, बंदही करता येते.

दर्यावर्दी: बंद करता येते, पण दर महिन्याला सेटिंगसाठी खेटे कोण घालणार? मामांना एकदाही जावं लागलं नाही.

निशिगंध: मामांना एका हाताचाच कंप होता ना? इथे ११ वर्षांचा पार्किन्सन आहे, पाय गोठतात. रानजाई, ते राहू दे. गोळ्या किती चालू आहेत?

रानजाई: लिव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य गोळ्या दिवसाला ५ होत्या, आता २. बाबांना इतकं बरं वाटत होतं की आम्हीच कमी केल्या. ऑपरेशन त्यासाठीच होतं ना?

निशिगंध: डॉक्टरांना न विचारता?? ताई, आत्ताच फोन करा. मशीन बंद आणि गोळ्या निम्म्याहून कमी, मग पाय गोठणारच. लिव्होडोपा एकदम तोडली तर तीव्र ताठरपणा, ताप, गोंधळ होऊन जिवावर बेतू शकतं. मशीन लागल्यावरही गोळ्या हळूहळू, तेच कमी करतील.

वाटसरू: +१. एक सांगून ठेवतो: चालू केल्याच्या दिवशी सगळं जागेवर येत नाही. व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवतात. आईचं नीट बसायला चार महिने लागले.

जुनं_खोड: आणि बोलण्यात सुधारणेची आशा धरू नका. माझा हात सुधारला, जीभ जड झाली. सेटिंग बदलल्यावर थोडी सुटली.

सायली१२: डीबीएस असताना पोहता येतं का?

जुनं_खोड: एकट्याने मुळीच नाही. चांगलं पोहणारे काही जण यानंतर पाण्यात हातपाय मारणंच विसरल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय.

रानजाई: फोन लागला. ताप आहे का ते आधी विचारलं, नाहीये. गोळ्या कशा वाढवायच्या ते सांगितलं, उद्या सकाळी बोलावलंय. मशीन बंदच आहे. आईला अजून सांगितलं नाही की गोळ्या मी कमी केल्या होत्या.

निशिगंध: आजच सांगा. पुढची गोळी त्याच देणार आहेत ना?