दुखणं रॉडच्या शेजारीही असू शकतं

मोडलेला मणका धरून ठेवायला धातूचे रॉड-स्क्रू बसवले असतील, तर ‘ऑपरेशननंतर काही वर्षांनी कंबर दुखतेय म्हणजे स्क्रू ढिले झाले’ असं पुष्कळांना वाटतं, ते दर वेळी खरं नसतं. माझे थोरले भाऊ दिंडोरीकडे द्राक्षाच्या मांडवावरून पडले, एल-१ (कंबरेचा सगळ्यात वरचा) मणका मोडला, नाशिकला रॉड-स्क्रू बसवले. पुढे द्राक्षांचं कॅरेट खाली ठेवून पाठ सरळ करताना कळ यायला लागली. एक्स-रेत स्क्रू जागच्या जागी, झीज मात्र रॉडच्या खालच्या सांध्यांत. रॉडने जखडलेले मणके हलत नाहीत, त्यांच्या वाट्याचा ताण शेजारच्या सांध्यांवर येतो.

पुढे-मागे वाकवून, उभ्याने काढायच्या एक्स-रेबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. झोपून काढलेल्यात मणका सरकतोय हे निसटू शकतं. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.